ब्रोकर बदलला, पण क्लायंट परतले नाहीत: फेलओव्हरच्या सेटिंगविषयी

तुम्ही कळवलेली हकिगत थोडक्यात अशी आहे. भिवंडीच्या गोदामातले स्कॅनर आणि चलान छापणारे प्रोग्राम मिळून साधारण १२० क्लायंट ऐरोलीच्या डेटा सेंटरमधल्या ॲक्टिव्हएमक्यू क्लासिकच्या दोन ब्रोकरांशी (प्रोग्रामांमधले मेसेज रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, ठेवून पुढे देणाऱ्या सर्व्हरांशी) बोलतात. दोन्ही ब्रोकर एकाच एनएफएस स्टोरेजवर (नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक डिस्कवर) आहेत; ज्याच्याकडे तिथल्या फाइलचे कुलूप तो चालू, आणि दुसरा कुलुपाची वाट पाहत उभा. रात्री पहिल्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला, आणि दुसऱ्या ब्रोकरने सुमारे दोन मिनिटांत कारभार हाती घेतला. मेसेज पाठवणारे काही प्रोग्राम पाव तासाने आपोआप सुरू झाले, पण मेसेज घेणारे प्रोग्राम सकाळी कोणीतरी रीस्टार्ट करेपर्यंत गप्प बसून राहिले. रीस्टार्टनंतर ३८ डिलिव्हरी चलाने दुसऱ्यांदा छापली गेली. क्लायंटच्या पत्त्यात फेलओव्हर, म्हणजे एक ब्रोकर गेला की आपोआप दुसऱ्याकडे वळण्याची सोय, लिहिलेले असताना असे का झाले आणि नेमकी कोणती सेटिंग बदलावी, असे तुम्ही विचारले आहे. सोबत तुम्ही क्लायंटची कॉन्फिगरेशन फाइलही दिली, त्यामुळे अंदाज बांधण्याची वेळ फारशी आली नाही.

फेलओव्हर चालले नाही, असा निष्कर्ष तुमच्या टीमने काढला आहे. मला तो चुकीचा वाटतो. फेलओव्हरचे काम सुरू होते ते कनेक्शन तुटल्याचे क्लायंटला कळल्यावर, आणि तुमच्या घेणाऱ्या प्रोग्रामांना ते रात्रभर कळलेच नाही. त्यांच्या दृष्टीने पहिला ब्रोकर जिवंत होता आणि क्यूमध्ये त्यांच्यासाठी काही आलेले नव्हते, एवढेच. तुमच्या फाइलमध्ये वायरफॉरमॅट मॅक्स इनॲक्टिव्हिटी ड्युरेशन या सेटिंगची किंमत ० आहे. तेवढा वेळ समोरून काहीच आले नाही तर कनेक्शन मेले असे धरायचे, अशी ही तपासणी आहे, आणि ० म्हणजे ती बंद. मूळ किंमत ३०,००० मिलिसेकंद, म्हणजे ३० सेकंद असते. लॉगमध्ये ‘चॅनल बराच वेळ निष्क्रिय होता’ अशा ओळी वारंवार येऊ लागल्या की त्या बंद करण्यासाठी हे ० घातले जाते आणि मग वर्षानुवर्षे कोणी त्याकडे वळून पाहत नाही. मी हे इतक्या ठिकाणी पाहिले आहे की नव्या ठिकाणी गेल्यावर सर्वांत आधी मी हीच ओळ शोधतो. दोन्ही बाजू आपापली किंमत एकमेकींना सांगतात आणि त्यातली लहान किंमत लागू होते, त्यामुळे ब्रोकरच्या बाजूला ३० सेकंद असूनही क्लायंटच्या एका शून्याने तपासणी दोन्हीकडे बंद पडते.

आता पाव तासाचे कोडे पाहू. मशीनची वीज अचानक गेली की ते निरोप घेत नाही. ब्रोकरची नुसती प्रोसेस मेली असती तर त्या मशीनच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) कनेक्शन बंद केल्याचे पाकीट, म्हणजे नेटवर्कवरचा छोटा संदेश, पाठवले असते आणि क्लायंटला त्याच क्षणी कळले असते. इथे पाकीट पाठवायला कोणी उरलेच नव्हते. पाठवणाऱ्या प्रोग्रामने मेसेज पाठवला, टीसीपीला (नेटवर्कवर पाकिटे पोचवणाऱ्या प्रणालीला) पोच मिळाली नाही, म्हणून तिने तीच पाकिटे वाढत्या अंतराने पुन्हा पाठवली. लिनक्समध्ये टीसीपी रिट्राइज टू या सेटिंगची मूळ किंमत १५ असते आणि तिचा हिशेब साधारण ९२४ सेकंदांवर, म्हणजे पंधरा मिनिटांच्या थोडा पुढे जातो. तेवढा वेळ संपल्यावर कर्नलने हात टेकले, क्लायंटला चूक कळवली, आणि मग फेलओव्हरने दुसरा ब्रोकर गाठला. तुमचा पाव तास तो हाच. मेसेज घेणारा प्रोग्राम मात्र स्वतःहून काही पाठवत नाही, नुसता ऐकत बसतो. जो काहीच पाठवत नाही, त्याला पोच न मिळण्याचा प्रश्नच येत नाही. टीसीपीचा कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का याची विचारणा, चालू केला असता तरी लिनक्समध्ये पहिली विचारणा मूळ सेटिंगनुसार ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी मी ज्या कंपनीचे काम पाहत होतो तिचे सर्व्हर जनरेटरवर व्यवस्थित चालू होते. अंधेरीच्या एका इमारतीतली फायरवॉल मात्र बंद होऊन पुन्हा सुरू झाली आणि जुन्या कनेक्शनांची तिची नोंदवही कोरी झाली. ब्रोकर शाबूत होता, क्लायंट शाबूत होते, दोघांनाही कनेक्शन चालू दिसत होते, आणि मधली फायरवॉल दोघांचीही पाकिटे मुकाट्याने टाकून देत होती. डॅशबोर्डवर सर्व काही हिरवे असताना क्यूची लांबी मात्र वाढत होती. ती सकाळ पाहिल्यापासून ब्रोकर पडण्याइतकाच मधला रस्ता बुजण्याचा विचार मी करतो, आणि या दोन्हींवर पहिला उपाय एकच आहे: तपासणी चालू ठेवणे. ते ० काढून टाका. किंमत १०,००० ते ३०,००० च्या दरम्यान ठेवा. त्याहून कमी केली तर जावाचे गार्बेज कलेक्शन (मेमरी साफ करण्यासाठी प्रोग्राम क्षणभर थांबणे) लांबल्यावर किंवा मशीनवर ताण आल्यावर चांगली कनेक्शनेही तुटू लागतील, आणि कोणीतरी पुन्हा तिथे ० लिहील.

लॉगमधल्या ज्या ओळींमुळे ते ० आले असेल, त्यांचे मूळ कारणही शोधा. बहुतेक वेळा मधल्या एखाद्या लोड बॅलन्सरची किंवा फायरवॉलची निष्क्रियतेची मर्यादा आड येत असते. ॲमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरवर टीसीपीसाठी ती मुळात ३५० सेकंद असते. ब्रोकरच्या तपासणीचा ठोका त्याहून खूप लवकर पडत असल्याने, तपासणी चालू असेल तर ही मर्यादा आपोआप टळते.

पुढचा भाग कनेक्शन तुटल्याचे कळल्यानंतरचा. फेलओव्हरच्या पत्त्यात कंसात दोन्ही ब्रोकरांचे टीसीपी पत्ते ६१६१६ पोर्टसह स्वल्पविरामाने लिहिलेले असतात आणि कंसानंतर सेटिंग येतात. इनिशियल रिकनेक्ट डिले मुळात १० मिलिसेकंद असतो, प्रत्येक अपयशी फेरीनंतर तो दुप्पट होतो, आणि मॅक्स रिकनेक्ट डिलेपाशी, म्हणजे ३०,००० मिलिसेकंदांपाशी थांबतो. हिशेब करून पाहा: १०, २०, ४० असे वाढत बाराव्या प्रतीक्षेपर्यंत एकूण सुमारे ४१ सेकंद जातात आणि त्यानंतरची प्रत्येक प्रतीक्षा ३० सेकंदांची होते. कनेक्शन तुटल्याचे क्लायंटना लगेच कळले असते, तरी तुमचा दुसरा ब्रोकर दोन मिनिटांनी उभा राहीपर्यंत ते तीस-तीस सेकंदांच्या झोपेत गेलेले असते. ब्रोकर तयार झाल्याच्या दुसऱ्याच सेकंदाला एखादा क्लायंट जागा होईल आणि दुसरा जवळजवळ अर्ध्या मिनिटाने. १२० क्लायंटसाठी मी मॅक्स रिकनेक्ट डिले ५,००० ठेवीन. सगळे मिळून सेकंदाला २४ प्रयत्न होतात, त्यांचा भार नगण्य आहे.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही, आणि ती तुमच्या बाबतीत महत्त्वाची आहे. मशीन जिवंत असून तिच्यावर ब्रोकर नसेल तर ‘कनेक्शन नाकारले’ असे उत्तर लगेच येते. उभा असलेला दुसरा ब्रोकरही कुलूप मिळेपर्यंत आपले पोर्ट उघडत नाही, त्यामुळे तिथूनही नकार तत्काळ येतो. वीज गेलेले मशीन मात्र नकारही देत नाही, आणि टीसीपी ट्रान्सपोर्टची कनेक्शन टाइमआउट ही मर्यादा मुळात ३० सेकंद असते. म्हणजे प्रत्येक फेरीत मेलेल्या मशीनच्या दारात अर्धा मिनिट उभे राहून मगच क्लायंट पुढच्या दाराकडे वळतो. ही मर्यादा प्रत्येक टीसीपी पत्त्याच्या मागे लिहिता येते. ती ३,००० करा. ऐरोली ते भिवंडी एवढ्या अंतरासाठी ३ सेकंद पुष्कळ झाले.

दुसरा ब्रोकर उभा राहायला दोन मिनिटे का लागली, तेही सांगतो, कारण क्लायंटच्या सेटिंगने हा वेळ कमी होत नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत मेलेल्या मशीनकडचे कुलूप त्याची मुदत संपल्यावरच सुटते, आणि लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर ही मुदत मुळात ९० सेकंद असते. दुसरा ब्रोकर दर १० सेकंदांनी कुलूप मागतो, आणि ते मिळाल्यावर जर्नल (डिस्कवरची मेसेजची नोंदवही) वाचून क्यू पुन्हा उभी करतो. तुमच्या दोन मिनिटांचा हिशेब एवढ्यात पूर्ण होतो. ती मुदत कमी करता येते, पण ते स्टोरेज सांभाळणाऱ्यांशी बोलून करा आणि फार कमी करू नका. नेटवर्क क्षणभर अडखळल्यावर चालू ब्रोकरचे कुलूप सुटणे हे दोन मिनिटे काम थांबण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. स्टोरेज एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीवर असेल, तर बाकी सगळे सोडून आधी ते बदला, कारण तिथल्या कुलुपांवर या कामासाठी विसंबता येत नाही.

आता पाठवणाऱ्यांकडे येऊ. फेलओव्हरच्या टाइमआउट या सेटिंगची मूळ किंमत उणे १ आहे. तिचा अर्थ असा की, कनेक्शन नसताना प्रोग्रामने मेसेज पाठवायचा प्रयत्न केला तर तो थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा तो धागा) कनेक्शन परत येईपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, तिथेच अडकून राहतो. मॅक्स रिकनेक्ट अटेम्प्ट्सही मुळात उणे १, म्हणजे अमर्याद आहे. दोन्ही एकत्र आल्यावर ॲप्लिकेशनला चूक म्हणून कधी काही कळतच नाही. प्रयत्न अमर्याद असण्याला माझी हरकत नाही, मी स्वतःही ते तसेच ठेवतो. रात्री नेटवर्क गेले आणि पहाटे आले, तर क्लायंटने कोणी न उठवता परतावे हेच योग्य. माझा आक्षेप अमर्याद अडकून राहण्यावर आहे.

गोदामात रात्री काय घडते ते मी जवळून पाहिले आहे. ट्रक धक्क्याला लागलेला असतो, हमाल खोके उचलून उभा असतो, स्कॅन करणाऱ्या मुलाच्या हातातल्या यंत्रावर ‘साठवत आहे’ हे शब्द आणि एक फिरते चक्र दिसत असते. तो पाच सेकंद थांबतो, दहा सेकंद थांबतो, मग यंत्र बंद करून चालू करतो आणि तेच खोके पुन्हा स्कॅन करतो. त्याच्या जागी कोणीही हेच करेल. त्याला ताबडतोब खरे उत्तर मिळाले पाहिजे: ‘नोंद या यंत्रावर ठेवली आहे, पुढचे खोके घ्या.’ म्हणून स्कॅनरवरच्या प्रोग्रामात टाइमआउट ३,००० ठेवा, चूक आली की नोंद स्थानिक टेबलात लिहा, आणि तिथून ती पाठवण्याचे काम वेगळ्या थ्रेडला द्या. रात्रीचा हिशेब पाठवणाऱ्या बॅच प्रोग्रामला मात्र घाई नाही. त्याला मी १,८०,००० देईन, म्हणजे फेलओव्हरला लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडे जास्त, जेणेकरून ब्रोकर बदलल्याची त्याला झळच लागणार नाही. सर्व क्लायंटना एकच फाइल देण्याची तुमची पद्धत या एका कारणासाठी सोडावी लागेल.

आणखी एक काळजी चालू होण्याच्या वेळेची. ब्रोकर बंद असताना प्रोग्राम सुरू केला तर कनेक्शन सुरू करण्याची हाकही अशीच अडकते. त्यासाठी स्टार्टअप मॅक्स रिकनेक्ट अटेम्प्ट्स ही वेगळी सेटिंग आहे. तिला मर्यादा घाला, म्हणजे सुरू न झालेला प्रोग्राम सुरू झाल्यासारखा दिसणार नाही.

फेलओव्हरच्या रँडमाइझ या सेटिंगचे नाव वाचून सर्व क्लायंट वेगवेगळ्या वेळी परततील असा अनेकांचा समज होतो. त्याने फक्त पत्त्यांचा क्रम बदलतो, वेळ बदलत नाही. मेगाब्लॉक संपल्यावर दादरला पहिल्या लोकलवर जी गर्दी उसळते, तशीच गर्दी नव्याने उभ्या राहिलेल्या ब्रोकरवर होते, आणि टीएलएस (कनेक्शनचे कूटलेखन) असेल तर प्रत्येकाच्या सुरुवातीच्या हस्तांदोलनाचा भार त्यात मिळतो. तुमच्या १२० क्लायंटना ही अडचण येणार नाही. पुढे हजारांच्या घरात गेलात तर प्रत्येक यंत्राच्या फाइलमध्ये इनिशियल रिकनेक्ट डिले ५०० ते १,५०० च्या दरम्यान वेगवेगळा पडेल अशी सोय करा, आणि ब्रोकरच्या बाजूची कनेक्शनांची कमाल मर्यादाही तपासा. सोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये ती १,००० असते.

दुबार चलानांचा प्रश्न मला या सगळ्यांत अधिक गंभीर वाटतो. तुमचा घेणारा प्रोग्राम क्लायंट ॲक्नॉलेज पद्धतीने (मेसेज मिळाल्याची पोच प्रोग्रामने स्वतः द्यायची) चालतो आणि दर ५० मेसेजनंतर एकदा पोच देतो. म्हणजे कोणत्याही क्षणी ४९ पर्यंत मेसेज असे असू शकतात की ज्यांचे चलान छापले गेले आहे, पण ब्रोकरला ते माहीत नाही. सकाळी प्रोग्राम नव्याने जोडला गेला, तेव्हा ब्रोकरने त्याच्या माहितीप्रमाणे बरोबरच वागून पोच न मिळालेले मेसेज पुन्हा दिले. पोच प्रत्येक मेसेजमागे दिली तर ही संख्या एकावर येईल, शून्यावर येणार नाही. छापणे आणि पोच पोचणे यांच्यामधल्या क्षणी वीज जाऊ शकते, आणि तो क्षण बंद करणारे कोणतेही सेटिंग नाही.

तुमच्या एका सहकाऱ्याने जेएमएस रीडिलिव्हर्ड (मेसेज पुन्हा दिला जात असल्याची खूण) हे चिन्ह पाहून दुबार मेसेज टाकून द्यावेत, असे सुचवले आहे. तसे करू नका. चिन्ह असले तर मेसेज पूर्वी कोणाला तरी दिला गेला असावा एवढेच समजते, तो पुरा झाला होता की नाही हे समजत नाही. उलट, तुमच्यासारख्या घटनेत मेसेज दिल्याची माहिती मेलेल्या ब्रोकरच्या मेमरीत होती. हे चिन्ह मूळ सेटिंगनुसार डिस्कवर लिहिले जात नाही, त्यामुळे नवा ब्रोकर तोच मेसेज चिन्हाशिवाय, अगदी कोरा म्हणून देऊ शकतो.

उपाय डेटाबेसमध्ये आहे. चलान क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहू न देणारे) असलेले एक टेबल ठेवा, छपाईची नोंद आणि चलान क्रमांक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही लिहिले जातील किंवा एकही नाही, अशा रीतीने) लिहा, आणि क्रमांक आधीच असेल तर काही न करता पोच द्या. स्कॅनरवरून येणाऱ्या नोंदीलाही यंत्रावरच एक कायमचा क्रमांक द्या. त्या रात्रीची ३८ चलाने तपासताना प्रत्येक जोडीचा जेएमएस मेसेज आयडी पाहा. आयडी एकच असेल तर तो ब्रोकरने पुन्हा दिलेला मेसेज आहे. आयडी वेगळे असतील तर खोके दोनदा स्कॅन झाले आहे. मला दोन्ही प्रकार सापडतील असे वाटते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे ही मोजणी करूनच पुढे जा.

ब्रोकरशी बोलतानाही ट्रान्झॅक्शन वापरणार असाल तर एवढे लक्षात ठेवा: कमिट (ट्रान्झॅक्शन पक्के करणे) चालू असताना ब्रोकर गेला तर क्लायंटला ट्रान्झॅक्शन रोल्ड बॅक ही चूक मिळते, आणि ती पकडून संपूर्ण काम पुन्हा करणे ही तुमच्या कोडची जबाबदारी आहे.

पुन्हा जोडण्याचे काम एकाच थराकडे द्या, हा माझा आग्रह आहे. तुमच्याकडे फेलओव्हर, त्यावर स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा मेसेज ऐकणारा लिसनर कंटेनर आणि त्यावर कोणीतरी लिहिलेला वॉचडॉग (कनेक्शनवर नजर ठेवणारा प्रोग्राम) असे तीन थर आहेत. फेलओव्हर अजून प्रयत्न करत असताना वॉचडॉग नवे कनेक्शन उघडतो आणि जुने तसेच लटकत राहते. वॉचडॉग काढून टाका. कनेक्शन गेले आणि आले हे समजण्यासाठी ॲक्टिव्हएमक्यूच्या कनेक्शनवर ट्रान्सपोर्ट लिसनर जोडता येतो. त्याच्या सूचना लॉगमध्ये आणि अलार्ममध्ये पाठवा, त्यावरून नवे कनेक्शन मात्र उघडू नका.

पुढे आर्टेमिस या दुसऱ्या ब्रोकरकडे जाण्याचा तुमचा विचार आहे, त्याबद्दल इतकेच सांगतो की फेलओव्हरचा हा पत्ता तिथल्या मूळ क्लायंटला समजत नाही. तिथे एचए आणि रिकनेक्ट अटेम्प्ट्स या सेटिंग वेगळ्या द्याव्या लागतात, आणि पुन्हा जोडण्याच्या प्रयत्नांची मूळ किंमत ० आहे. रॅबिटएमक्यू या आणखी एका ब्रोकरचा जावा क्लायंट ४.० पासून आपोआप दर ५ सेकंदांनी पुन्हा जोडायचा प्रयत्न करतो, पण पहिलेच कनेक्शन जमले नाही तर तो प्रयत्न करत नाही. काफ्का या मेसेज प्रणालीची रचना निराळी आहे आणि तिची तुलना इथे केल्याने गोंधळच वाढेल.

बदल केल्यावर चाचणी नुसती ब्रोकर बंद करून घेऊ नका. ती सर्वांत सोपी परिस्थिती आहे आणि तुमची जुनी फाइलही तिच्यात उत्तीर्ण होईल. ब्रोकरच्या मशीनवर आयपीटेबल्सने (लिनक्समधल्या फायरवॉलच्या आज्ञेने) ६१६१६ पोर्टवरची येणारी आणि जाणारी पाकिटे टाकून द्या, नकार पाठवू नका, आणि घेणारा प्रोग्राम किती सेकंदांनी जागा होतो ते लॉगमधल्या वेळेवरून मोजा. मग स्टॉप सिग्नल देऊन ब्रोकरची प्रोसेस गोठवा. या स्थितीत कर्नल कनेक्शन स्वीकारतो, पण आतून कोणी उत्तर देत नाही. शेवटी चाचणीच्या मशीनची वीज खरोखर काढा. तिन्ही वेळा स्कॅनर चालू ठेवा, पाठवलेल्या नोंदी आणि छापलेली चलाने मोजा, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय ही फाइल गोदामात लावू नका.

एवढे करूनही एखादा प्रोग्राम अडकला तर त्याला लगेच रीस्टार्ट करू नका. जेस्टॅक या जावाच्या साधनाने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे थांबला आहे याची यादी) घ्या. अडकलेला थ्रेड फेलओव्हर ट्रान्सपोर्टच्या वनवे या मेथडमध्ये थांबलेला दिसला तर टाइमआउटची सेटिंग त्या प्रोग्रामापर्यंत पोचलेली नाही. तो सॉकेट वाचताना थांबलेला असेल आणि नेटस्टॅटमध्ये (कनेक्शनांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत) मेलेल्या ब्रोकरचे कनेक्शन अजून चालू दिसत असेल, तर ते ० कुठल्या तरी दुसऱ्या फाइलमध्ये अजून शिल्लक आहे.